जादा सूत

सुरुवात एका पुटकुळीनं झाली.
छातीच्या मधोमध, मोहरीएवढी.
खाजवली, फुटली, भरली, मी विसरले.
ती मात्र भरतच राहिली.

राईचा पर्वत म्हणतात तो हा :
चार मिलिमीटर उंच, जांभळट, चकचकीत,
दोन्हीकडे खेकड्यासारख्या नांग्या काढून बसलेला.
मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या त्यावर टेकायच्या,
म्हणून काढून ठेवलं, बटणांच्या डब्यात.
नवरा म्हणाला, चालेल.
आई फोनवर काहीच म्हणाली नाही,
तेच जास्त ऐकू आलं.

हडर्सफील्डचं इस्पितळ चढावर आहे.
दुसऱ्या मंगळवारी मी धापा टाकत पोचते,
पर्वतासह.
पत्रकात लिहिलंय : वण आधी लाल दिसेल,
मग गुलाबी, मग पांढरट.
फोटोतला हात कुणा दुसऱ्याच जातकुळीचा.
माझा लाल झालाच नाही कधी.
पिकल्या करवंदाचा होता, मग भाजल्या वांग्याचा.
नर्स युलाली पत्रक उलटं करून टेबलावर ठेवते.
तिच्याही कानामागे एक आहे, वाटाण्याएवढा.
तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

फक्त फॉर्म भरावा लागतो.
त्रास किती? शून्य ते दहा. एकच आकडा.
आता सकाळी ठसठसतं,
गाडीत पट्ट्याखाली चुणचुणतं,
अंथरुणात पडलं की रवरव सुटते,
औषध आत जाताना झोंबतं, ठणकतं,
आणि मग संध्याकाळपर्यंत नुसतं हुळहुळतं.
"सहा," मी म्हणते.

डोरीन हिंचलिफ मला बाहेरच्या बाकावर भेटली.
वय ब्याऐंशी. डोळ्याखालचा वाईट तीळ काढलेला,
तिथं टाक्यांची बारीक कोर, बघितल्याशिवाय न दिसणारी.
"चांगलं काम केलंय पोरानं," ती म्हणाली,
सर्जनबद्दल, जणू तो तिच्या हाताखाली शिकलेला.
एकतीस वर्षं ती गिरणीत रफू करायची.
सूट होऊन जाणारं भारी लोकरी कापड,
त्यातला तुटका धागा शोधायचा,
दुसरा असा भरायचा की गिऱ्हाइकाला कळूच नये.
"डोळ्यांना नाही सापडत. आम्ही तागा पसरायचो
आणि तळहात फिरवायचो. लावू का बोट?"

माझ्या आईनं लावलेलं नाही.
मी वरचं बटण काढलं.
तिनं डोळे मिटले. बोट गार होतं, खरखरीत.
या नांगीपासून त्या नांगीपर्यंत गेलं, परत आलं.
"इथं भोक नाहीच गं," ती म्हणाली,
"इथं सूत जादा झालंय.
विणणारीला कुणी सांगितलंच नाही, पाळी संपली म्हणून."

"मग कापून टाकलं तर?"
"तर ती दुप्पट विणेल,"
दारातून युलाली. हातात माझी फाइल.

रात्री अकराला ओटा पुसते.
पुसलेला ओटा पुन्हा पुसते.
मग सिलिकॉनची पट्टी साबणानं धुऊन
ताटलीत वाळत घालते, माशाच्या कातडीसारखी,
आणि कोरडी झाली की चिकटवते.
बारा तास तरी. रोज. सहा महिने, कदाचित वर्ष.
पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलंय.
निजेल, म्हणतात.

गेल्या खेपेला पट्टीनं मोजलं, अडीच.
भोवती औषध झिरपून एक फिकट कडं उमटलंय,
ते आता नवीन दुखणं, त्याचं नाव अजून मी ठेवलेलं नाही.
डोरीन नव्हती.
तिच्या फेऱ्या संपल्या, म्हणे.

परतीच्या बसमध्ये, खिडकीच्या बाजूला,
स्कार्फखाली हात घातला, डोळे मिटले.
वरची कड लगेच लागली.
खालची
दोनदा शोधावी लागली.